लग्नपत्रिकांच्या पाठीवरचा प्रबंध

आमच्या सरांचा एक नियम होता: जी नोंद कार्डावर नाही, ती नोंदच नाही. वही चालत नसे, सुटे कागद चालत नसत, आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलने केलेल्या खुणा तर चारित्र्यदोषात जमा होत. एका कार्डावर एकच नोंद. उजव्या कोपऱ्यात वर्ष, डावीकडे लेखकाचं नाव, तळाशी पान क्रमांक. आणि कार्ड म्हणजे दुकानात मिळतं ते नव्हे. कार्ड म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी पाठ.

पुण्यात तेव्हा याचं कोणाला नवल वाटत नसे. सरांचे सर तसंच करत आणि त्यांचेही सर बहुधा तसंच करत असावेत. लग्न लागून जेवणं झाली की पत्रिकेचं काम संपलं, पाठ मात्र कोरी राहिली, मग ती टाकायची कशाला, असा साधा विचार. दुमडीची पत्रिका घडीवर कापायची, मजकुराची बाजू खाली ठेवायची आणि लिहायला लागायचं. लग्नसराई संपली की सरांच्या ओळखीतल्या घरांतून पत्रिकांचे गठ्ठे त्यांच्याकडे येत. मी पीएच.डी.साठी नोंदणी केली तेव्हा त्यांनी मला सल्ला दिला नाही, एक पिशवी दिली. स्वतःच्या विद्यार्थिदशेपासून साठवलेल्या पत्रिका होत्या तीत. "ह्या संपल्या की या," म्हणाले.

मी त्या वेळी एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला मुलाखत आणि दर एप्रिलला निरोप. विभागातले एक प्राध्यापक निवृत्त होणार होते. त्यांच्या कायमच्या जागेसाठी पीएच.डी. लागणार होती आणि माझ्या नोंदणीची मुदतही त्याच सुमारास संपत होती. प्रबंध वेळेत गेला तर जागा माझी. नाही गेला तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून आणि जागेवर दुसरं कोणीतरी. विषय होता मध्यमवर्गीय मुलींचं शिक्षण आणि विवाह, आणि त्याबद्दल जुन्या मासिकांतून झालेली चर्चा. मी वाचनालयांतून बसून मासिकांचे बांधीव अंक उलटत होते आणि पत्रिकांच्या पाठी भरत होते. बुटांचे खोके भरले, मग साड्यांचे खोके भरले. नोंदी जमल्या, पण हवी ती नोंद हव्या त्या वेळी सापडेना. एक कार्ड शोधायला अख्खी दुपार जायची. प्रबंध पुढे सरकेना.

शहरात तर दुसरंच वारं होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जिकडे तिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या, आणि कोपऱ्यावरच्या प्रत्येक काकूंचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या कॉलेजातही संगणक कक्ष झाला होता. त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असे, कारण धुळीने यंत्र बिघडतं असं ठरलं होतं. आत गारवा, पडदे आणि देवघरासारखी शांतता. आम्ही कला शाखेच्या. आम्हाला चपला काढूनही प्रवेश नव्हता. मी दोनदा अर्ज केला, दोनदा मला सांगण्यात आलं की तुमच्या विषयाला संगणक लागत नाही. माझ्या विषयाला काय लागतं हे त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारलं. त्यावर तिसऱ्यांदा अर्ज करू नका असं सांगण्यात आलं.

म्हणून मी बिबवेवाडीला गेले. तिथे एका बाईंनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं काम सुरू केलं होतं. साधारण माझ्याच वयाच्या, अमरावतीकडच्या. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलेल्या आणि त्याची शिफ्ट बदलत राहते म्हणून स्वतःचं काही तरी हवं असं ठरवून संगणक घेतलेल्या. मी खोके त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी विषय विचारला, मी सांगितला. तीन रकाने करायचे ठरले: वर्ष, विषय, मजकूर. कार्डावरचं एक अक्षर सुटता कामा नये, असं मी बजावलं. त्यांनी मान हलवली आणि खोके पलंगाखाली सरकवले.

सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, कार्डं चाळताना जे डोक्यात घडतं त्याला संशोधन म्हणतात. ते आता बिबवेवाडीत घडणार का?" मी म्हटलं, चाळायला मी आहेच, शोधायला यंत्र असू दे. त्यांनी चष्मा पुसला. सरांनी चष्मा पुसला की भेट संपली असं समजायचं असे.

टायपिंग चालू असतानाच दुसरा घोळ झाला. स्वारगेटजवळ नवीन सायबर कॅफे निघाला होता, लाकडी फळ्यांचे कप्पे पाडलेला. मी तिथे जाऊन इतर विद्यापीठांतल्या प्रबंधांची यादी शोधत बसले. त्या काळी पान वरून खाली उतरत येई, ओळीमागून ओळ, शेजारच्या कप्प्यात कोणी फोटो उघडला की आणखी सावकाश. तसंच उतरत एक शीर्षक माझ्यापुढे आलं. विषय माझा, कालखंड माझा, मासिकंसुद्धा बरीचशी तीच. एका दूरच्या विद्यापीठात कोणा बाईंचा तो प्रबंध मंजूर होऊन पदवीही दिली गेली होती. यादी नसती तर मला कळलंही नसतं, आणि परीक्षकांना नक्की कळलं असतं.

मी तशीच सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. विषय कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणाले, पण पदवी नव्या गोष्टीसाठी मिळते. त्या बाईंनी जे सांगितलं त्याहून वेगळं असं तुमच्याकडे काय आहे? माझ्याकडे काही नव्हतं. शीर्षकात किरकोळ बदल करायला नियमात वाव होता, नव्या विषयाला नव्हता. सरांनी स्पष्ट सांगितलं की नवं काही हाती लागलं तरच ते सही करतील. उगाच जाडजूड कागद विद्यापीठात पाठवायला ते पोस्टमन नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बिबवेवाडीहून फ्लॉपी आणल्या. घरी नुकताच एक संगणक आला होता. नवऱ्याच्या कंपनीने जुनी यंत्रं कर्मचाऱ्यांना देऊन टाकली होती, त्यातला. सासूबाईंनी त्याला भरतकामाची खोळ शिवली होती. ती खोळ काढून मी फाइल उघडली, आणि पहिल्याच ओळीत दिसलं: आमचे येथे श्रीकृपेकरून.

मला वाटलं चुकीची फ्लॉपी आली. खाली गेले. दोन ओळी माझ्या, तिसरी पुन्हा 'आमचे येथे'. मग 'समक्ष भेटीत निमंत्रण देण्याचे राहून गेले असल्यास'. मग 'आहेर आणू नये'. मग कोणा छोट्यांच्या नावाने 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'. बाईंनी प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी टाइप केलं होतं. एक अक्षर सुटलं नव्हतं.

मी फोन केला. शक्य तितक्या शांतपणे विचारलं की पुढची बाजू कशासाठी टाइप केली.

"तुम्हीच म्हणाल्या होत्या नं ताई, एक अक्षर सुटू नये."

"अहो, पण त्या पत्रिका आहेत."

"मग? विषय लग्नाचा, कार्डं लग्नाची. मी तर म्हटलं, ताईंनी किती वर्षांपासून जमवून ठेवलं आहे."

त्या म्हणाल्या, चुकलं असेल तर काढून टाकते, पण वर्षाच्या रकान्यात लग्नाचं वर्ष बरोबर घातलं आहे, तेवढी मेहनत घेतली आहे. मी म्हटलं, काढायचं माझं मी काढते. लग्नाच्या ओळी एकत्र आणाव्यात आणि एकदम पुसाव्यात असा माझा बेत होता. त्यासाठी विषयाच्या रकान्यावर क्रम लावायला हवा होता. माझा हात वर्षाच्या रकान्यावर पडला.

यंत्र थोडा वेळ घरघरलं आणि सगळ्या ओळी सालाप्रमाणे लागल्या. मासिकातल्या नोंदी आणि लग्नपत्रिका, सरमिसळ, एकाखाली एक. मी पुसायला सुरुवात करणार तेवढ्यात दोन ओळी लागून आल्या. वरची माझी नोंद होती. एका मासिकात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कळकळीने लिहिलं होतं की बी.ए. झालेल्या मुलीला स्थळ मिळत नाही, म्हणून आईबाप तिची पदवी लपवतात. खालची ओळ त्याच सालच्या पत्रिकेची होती. चि. सौ. कां. अमुक, बी.ए. त्याच्याखालची पत्रिकाही त्याच सालची. तिथेही बी.ए. लपवत कोणीच नव्हतं. छापून वाटत होते.

मी आणखी खाली गेले. पुढे मासिकांतून नोकरी करणाऱ्या स्त्रीचं कौतुक सुरू झालं. अंकच्या अंक भरले होते. आणि त्या सगळ्या वर्षांच्या पत्रिकांत मुलीची पदवी होती, नोकरी कुठेच नव्हती. बऱ्याच मुलांच्या नावापुढे मात्र कारखाना, बँक, खातं, सगळं ठळक. मुलीची नोकरी पत्रिकेवर उगवली ती थेट अलीकडच्या वर्षांत, 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' म्हणून. मासिकं एक बोलत होती आणि घरं दुसरंच छापत होती. त्या दूरच्या विद्यापीठातल्या बाईंनी मासिकं वाचली होती. त्यांच्यापाशी पत्रिका नव्हत्या.

मी काहीही पुसलं नाही. दूध उतू गेल्याचं सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं.

सरांपुढे मी छापील ताव ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग खिडकीतल्या खोक्यांकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मी ह्यांच्या पाठीवर लिहितो आहे," ते म्हणाले, "उलटून बघावं असं सुचलं नाही." लगेच ते मूळ स्वभावावर आले. म्हणाले, ह्या पत्रिका कोणाच्या? मला लग्नाला बोलावणाऱ्यांच्या. मला लग्नाला बोलावणारी माणसं म्हणजे पुणे नव्हे. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. पुरावा वाढवा, मग सही.

पुरावा वाढवण्यासाठी मी मंडईमागच्या एका छापखान्यात गेले. तीन पिढ्यांचा धंदा, मुसलमान कुटुंब, आणि काम बहुतेक हिंदू लग्नांचं. मालकांनी काउंटरवर बसूनच ऐकून घेतलं. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत ते नमुना म्हणून ठेवत, गिऱ्हाइकाला दाखवायला. आजोबांच्या वेळच्या फायलीही माळ्यावर होत्या. मला त्या बघायच्या आहेत म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली: कोणाचंही नाव बाहेर जाता कामा नये. मला नावं नकोच होती. वर्ष, पदवी, नोकरी आणि यजमान म्हणून कोणाचं नाव छापलं, बापाचं की आईबापाचं, एवढंच हवं होतं.

"बापाचंच असतं मॅडम," ते म्हणाले. "आईचं नाव घाला म्हणून एक मुलगी इथे येऊन भांडली होती. आम्ही दोन्ही नमुने छापून दिले, म्हटलं घरी जाऊन निवडा."

"मग कोणता निवडला?"

"फाइल उघडून बघा की. तुम्हालाच शोध लावायचाय ना?"

निवडलेला नमुना आईचं नाव घातलेला होता. छापखान्यात नुकताच स्कॅनर आला होता. मालकांचा धाकटा भाऊ दुपारच्या रिकाम्या वेळात पत्रिका त्यावर ठेवत गेला, नावांवर कागदाची पट्टी टाकून. बिबवेवाडीच्या बाईंनी त्यावरून रकाने भरले. आता त्यांनी आपणहून आणखी दोन रकाने जोडले होते, मुलाच्या पदवीचा आणि मुलाच्या नोकरीचा, आणि मला फोन करून कळवलं की अर्धं काम झाल्यावर ते मला सुचलं असतं तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं, त्यापेक्षा हे बरं.

पुढचे महिने मी ज्या वेगाने काम केलं तसं आधी कधी केलं नव्हतं. प्रश्न मनात यायचा आणि उत्तर चहा निवायच्या आत पडद्यावर असायचं. पेठांतल्या पत्रिका आणि उपनगरांतल्या पत्रिका वेगळ्या करून पाहिल्या. कार्यालयातली लग्नं आणि नोंदणी पद्धतीची लग्नं वेगळी केली. सर म्हणत तसं डोक्यात जे घडायचं ते घडतच होतं, फक्त खोक्यांत वाकून बसण्यात जाणारा वेळ वाचत होता. आज माझ्या विद्यार्थिनी फोनवर अख्खं मासिक उघडतात आणि फोटो काढून त्यातला मजकूर शोधतात. आमच्या वेळी असं नव्हतं, म्हणून आमचं ज्ञान खोल होतं, असं माझ्या वयाचे लोक म्हणतात. मी वाचनालयात बसलेले आहे. त्यातला बराच वेळ अंक बाइंडिंगला गेला आहे हे ऐकण्यात गेला. त्यात खोल काही नव्हतं.

सरांनी सही केली. प्रबंध मुदतीत गेला. राहिली मौखिक परीक्षा, आणि ती खुली होती. कोणीही यावं, कोणीही विचारावं. बाहेरचे परीक्षक मुंबईहून येणार होते, कडक म्हणून नावाजलेले. सर म्हणाले की त्यांचा आकड्यांवर विश्वास नाही, कार्डं दाखवा म्हणतील. मी ठरवलं, कार्डंही न्यायची आणि यंत्रही. बिबवेवाडीच्या बाई मदतीला आल्या. रिक्षात माझ्या मांडीवर मॉनिटर, त्यांच्या मांडीवर डबा आणि पायाशी खोके. रिक्षावाल्याने विचारलं, घर बदलताय का. बाई म्हणाल्या, नाही, परीक्षा आहे.

विभागात टेबलावर संगणक मांडला तेव्हा एक गंमत झाली. येणाऱ्या प्रत्येकाने तो दारातून पाहिला आणि सवयीने चपला बाहेर काढल्या. मुंबईच्या परीक्षकांना वाटलं इथली रीत असेल. त्यांनीही बूट काढले आणि मोजे घालून खुर्चीवर बसले. कडक माणूस मोज्यांवर तितकासा कडक दिसत नाही. मला बरं वाटलं.

त्यांनी मात्र सोडलं नाही. लग्नपत्रिका हे काही साधन आहे का, इथपासून सुरुवात केली. पत्रिकेवर पदवी छापली म्हणजे मुलीला मान मिळाला असं नाही, तो बापाचा तोरा असू शकतो. मी म्हटलं, असू शकतो नव्हे, आहेच, आणि तेच प्रबंधात लिहिलं आहे. मुलीचं शिक्षण लपवण्याची गोष्ट होती ती तोरा मिरवण्याची कधी झाली, हे मासिकं सांगत नाहीत, पत्रिका सांगतात. त्यावर त्यांनी प्रबंध बंद केला आणि असा प्रश्न विचारला जो मी स्वतःला कधी विचारला नव्हता. मुलगी पदवीधर आणि मुलाला पदवी नाही, अशा लग्नांत मुलाच्या नावापुढे काय छापत?

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. खोलीत कुजबुज झाली. सर जमिनीकडे पाहत होते. मग मी म्हटलं, आपण बसा, आत्ता पाहू.

बाईंनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी मुलीच्या रकान्यात पदवी असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, त्यांतून मुलाचा पदवीचा रकाना रिकामा असलेल्या निवडल्या आणि नोकरीच्या रकान्यावर क्रम लावला. परीक्षक खुर्चीवरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. ओळी पडद्यावर उतरल्या. कारखान्याचं नाव. बँकेचं नाव. सरकारी खातं. 'स्वतःचा व्यवसाय'. पानंच्या पानं, आणि रिकामी जागा जवळपास कुठेच नाही. दोघंही पदवीधर असतील तिथे मुलाची नोकरी कधी छापलेली, कधी नाही. पण मुलगी वरचढ झाली की नोकरी छापलीच पाहिजे. तराजूत काहीतरी टाकल्याशिवाय पत्रिका छापखान्यात जात नव्हती.

परीक्षकांनी दोन ओळींची कार्डं मागितली. मी आता सालाप्रमाणे लावलेल्या खोक्यांतून काढून दिली. त्यांनी पुढची बाजू वाचली, उलटून माझी नोंद वाचली, पुन्हा पुढची बाजू वाचली. मग स्वतःच म्हणाले, आता हेच सालाप्रमाणे लावा. लावलं. मग पेठांचं वेगळं काढा. काढलं. मागून लोक उठून पुढे आले, टेबलाभोवती गर्दी झाली आणि मौखिक परीक्षा माझी राहिलीच नाही. जो तो काहीतरी विचारत होता आणि मी उत्तरं काढून देत होते. शेवटी सर म्हणाले, "अहो, त्यांना निदान पाणी तरी द्या."

पदवी देण्याची शिफारस परीक्षकांनी तिथेच उभ्या उभ्या जाहीर केली आणि आत्ता निघालेलं प्रकरण छापण्यापूर्वी जोडा असं बजावलं. मग खाली पाहून बूट कुठे काढले ते विचारलं. बिबवेवाडीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. विद्यापीठात तशी पद्धत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्यांनीही मग वाजवल्या.

जागेची मुलाखत थोड्या दिवसांनी कॉलेजातच झाली. समितीने प्रबंधाबद्दल विचारलं, मुलांना काय शिकवाल ते विचारलं. कला शाखेच्या मुलांना पहिल्या वर्षापासून संगणकावर नोंदी करायला शिकवीन असं मी सांगितलं. एका सदस्यांनी त्यांना ते झेपेल का असं विचारलं. मी म्हटलं, मला झेपलं, ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. मला बाहेर बसायला सांगितलं गेलं. बाहेर बसले नाही, उभी राहिले, कारण घंटा व्हायला आली होती. थोड्याच वेळात शिपायाने आत बोलावलं. प्राचार्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "केव्हापासून रुजू होऊ शकाल?"

"आत्तापासूनच," मी म्हटलं. "हा तास माझाच आहे." आणि वर्गाकडे निघाले.